जास्त गुण, तरी प्रोस्ट दुसरा?

प्रश्न: १९८८ च्या फॉर्म्युला वन सीझनला मॅक्लारेन टीमच्याच दोन ड्रायव्हरपैकी प्रोस्टचे गुण सेन्नापेक्षा जास्त होते म्हणतात, मग चॅम्पियन सेन्ना कसा? आणि मॅक्लारेनची ती गाडी एवढी भारी का होती?

उत्तर: तेव्हा १६ पैकी फक्त बेस्ट ११ रेसचे गुण धरायचे. प्रोस्टचे एकूण १०५, सेन्नाचे ९४, पण नियम लावल्यावर ८७ विरुद्ध ९०! मला तरी हा नियम प्रोस्टवर अन्यायच वाटतो, अख्खा सीझन सातत्याने पहिला-दुसरा येणाऱ्याचेच गुण कापले गेले. पण सेन्नाने ८ रेस जिंकल्या, प्रोस्टने ७, हेही खरंच.

आता गाडी, एमपी४/४. त्या वर्षी टर्बोचं बूस्ट (इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) ४ वरून २.५ बारवर आणलं आणि पेट्रोल फक्त १५० लिटर, म्हणजे टर्बोवाल्यांची गोची करायचाच बेत होता, पण होंडाने दीड लिटरचं व्ही६ इंजिन इतकं काटकसरी आणि बुटकं बनवलं की ते एकदम खाली बसलं, ड्रायव्हर जवळजवळ आडवाच, त्यामुळे मागच्या विंगला (हवेच्या जोरावर गाडी जमिनीला दाबून धरणाऱ्या पट्टीला) मोकळी हवा मिळायची. १६ पैकी १५ रेस जिंकल्या. राहिली ती इटलीतली मोंझाची रेस, तिथे शेवटचे दोन लॅप उरले असताना लीडवर असलेला सेन्ना मागे पडलेल्या श्लेसर नावाच्या ड्रायव्हरला धडकला आणि फेरारीचे बर्गर-अल्बोरेटो पहिले-दुसरे आले, तेही फेरारीचे संस्थापक एन्झो फेरारी वारल्यानंतर महिन्याभरातच.