नातवंडं सांभाळायची खरी, पण शेवटचा शब्द कोणाचा?

या वेळी आज्यांची पत्रं भरपूर आलीत, त्यातली दोन घेतेय आणि एक एका लेकीचं. बाकीच्यांनी रागावू नका, विषय बरेचसे तेच आहेत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी नाशिकची, वय ६१. मुलगा-सून पुण्यात वाकडला असतात, दोघंही आयटीत. सुनेची २६ आठवड्यांची रजा संपली म्हणून मी नातीला सांभाळायला आलेय, ती आता सात महिन्यांची आहे. परवा गुटी उगाळून त्यात थेंबभर मध घालून चाटवायला गेले तर सुनेने वाटीच उचलून नेली, म्हणे आई प्लीज नको, डॉक्टर नाही म्हणालेत. मी दोन मुलं वाढवली, दोघंही ठणठणीत आहेत, मग मला काही कळतच नाही का? मुलगा मिठाची गुळणी धरून बसला होता. परत जावंसं वाटतंय.

उत्तर : काकू, वाटी उचलून न्यायची पद्धत चुकली, ते आधी म्हणून टाकते. पण मधाच्या बाबतीत सून शंभर टक्के बरोबर आहे आणि यात मी तुमची बाजू घेऊच शकत नाही. मधात कधीकधी एका जंतूचे बीजाणू असतात, तुमच्या-माझ्या पोटात ते काही करत नाहीत पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि तिथे विष तयार होतं. मग बाळ मलूल पडतं, मान धरत नाही, दूध ओढायची ताकद जाते आणि श्वासापर्यंत गोष्ट जाऊ शकते. बोट्युलिझम म्हणतात त्याला. क्वचित होतं, पण झालं तर थेट अ‍ॅडमिट. मध घरच्या पोळ्याचा असो नाहीतर उकळून घेतलेला, वर्षभर नाही म्हणजे नाही.

गुटीचंही मला फार प्रेम नाही, कोणाला राग आला तर येऊ दे. सहाणेवर किती वेढे फिरवले यावर डोस ठरतो आणि प्रत्येकीचा हात वेगळा. जायफळाचे दोन वेढे जास्त झाले तर बाळ गाढ झोपतं आणि आपण म्हणतो बघा कसं शांत झालं, तर ती शांती नसते, गुंगी असते. सहाण आणि पाणी स्वच्छ आहे का हा प्रश्न वेगळाच.

आता तुमची मुलं ठणठणीत आहेत त्याबद्दल. तुम्ही त्या वेळी जे केलंत ते त्या वेळच्या सल्ल्याप्रमाणेच केलंत. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा आधी चार ते सहा महिन्यांच्या मध्ये वरचं सुरू करा म्हणायची, २००१ मध्ये ते बदलून पूर्ण सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीही नको, असं झालं. म्हणजे सल्ला बदललाय, तुम्हाला कोणी नापास केलेलं नाहीये. सुनेनेही हे एकदा तोंडाने म्हणायला हवं, तिला हे पान वाचायला द्या हवं तर.

आणि खरं सांगू का, तुमची गरज आत्ताच लागणार आहे. सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधातून लोह पुरत नाही, वरचं खाणं नीट द्यावं लागतं आणि ते करायला आयटीवाल्यांकडे वेळ कुठाय? नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत खडखडीत वाळवायची, मंद भाजून दळायची आणि वस्त्रगाळ करून बरणीत. हे यूट्यूबवर बघून करणाऱ्या मुली मला माहितीयेत, कोणाचे मोड कुजतात तर कोणाचं पीठ कडू होतं. तुमच्या हाताला ते येतं. मऊ वरणभात तूप घालून, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, शिजवून कुस्करलेला लाल भोपळा, सगळं तुमच्याच हातचं. फक्त वर्ष होईपर्यंत मीठ, साखर, गूळ नको आणि प्यायला गाईचं-म्हशीचं दूध नको. अळणी कसं खाईल ती, असं वाटेल, पण तिला चव माहीतच नाहीये तर अळणी कशाला वाटेल!

माझं म्हणणं एवढंच, की कामाची वाटणी आहे तशी शब्दाचीही वाटणी करून घ्या. औषध, लस, काय खायला द्यायचं, यात शेवटचा शब्द आई-बाबांचा, पटलं नाही तरी. मालिश कशी करायची, अडगुलं मडगुलं कधी म्हणायचं, दुपारी कोणत्या कुशीवर घेऊन झोपायचं, यात तुमचा, आणि तिथे सुनेने ऑफिसातून कॅमेऱ्यावर बघून सूचना द्यायच्या नाहीत. (मालिशचं तेल नाका-कानात घालू नका, काजळही डोळ्यात नको, एवढं मात्र माझं ऐका.) हे बोलणं मुलाने घडवून आणायचं. सुनेने सासूला सांगायचं आणि याने फोनमध्ये बघायचं हे चालणार नाही, आई त्याची आहे. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस येईलच, तेव्हा तुम्ही पण दवाखान्यात सोबत जा आणि तुमच्या शंका डॉक्टरांना स्वतः विचारा. सुनेच्या तोंडून ऐकलेलं लागतं, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की लागत नाही, माणसाचा स्वभावच असतो तो.

प्रश्न : मी सांगलीची, सध्या ठाण्याला लेकाकडे. नातू दीड वर्षाचा. हे सांगलीत एकटेच असतात, त्यांना बीपी आहे, डबा लावलाय. माझे गुडघे दुखतात आणि मुलाला उचलून चार जिने होत नाहीत, लिफ्ट सारखी बंद. गणपतीला घरी जायचं म्हटलं की सून म्हणते बघू. कोणी वाईट वागत नाही पण मी नोकरीला लागल्यासारखं वाटतं. सांगू कसं?

उत्तर : "बघू"वर कधीच काही ठरत नाही. तारीख सांगा. गणपतीच्या आठ दिवस आधी जाणार आणि तिथून महिनाभर येणार नाही, असं दोघं समोर बसलेले असताना, चहा घेताना, रडून नाही आणि टोमणा मारूनही नाही. तिकीट स्वतः काढा. मुलं वाईट नसतात हो, आई नाही म्हणत नाही म्हणजे आईला चालतंय असं धरून चालतात.

त्यांना पर्याय शोधायला वेळ मिळावा म्हणून महिनाभर आधी सांगा म्हणजे झालं. दीड वर्षाचं मूल पाळणाघरात राहू शकतं, सवय लावायला मात्र सुरुवातीला एखादा तास, मग अर्धा दिवस असं न्यावं लागतं. सुनेला ऑफिसात विचारायला सांगा, प्रसूती रजेच्या कायद्यात २०१७ मध्ये बदल झाला तेव्हापासून ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येतं. बऱ्याच जणींना हे माहीतच नसतं, आणि ऑफिसवाले आपणहून कशाला सांगतील.

परत आल्यावरही वेळ ठरवून घ्या. संध्याकाळी सात नंतर नातू त्याच्या आई-बापाचा. रविवार तुमचा. जिने चढताना त्याला उचलायचं नाही, वरून कोणीतरी खाली येईल. आणि भाजी, दूध, नातवाची खेळणी पेन्शनमधून जात असतील तर तेही बोला, पैशाचं मनात राहिलं की भांडण भलत्याच विषयावर होतं.

प्रश्न : माझी आई माझ्या अडीच वर्षांच्या मुलाला मोबाईल दाखवत भरवते. बोलले की म्हणते मग तूच भरव. काय करू? (कोल्हापूर)

उत्तर : आई चुकतेय पण दमलीये पण. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तितकं बरं, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय. त्यात स्क्रीन बघत खाताना पोट भरलं हे पोराला कळत नाही आणि काय खाल्लं तेही कळत नाही. पण हे आईला ऐकवून उपयोग नाही, तिचा त्या वेळेचा भार कमी कर. सकाळचा डबा, स्वयंपाक आणि याचं जेवण एकाच तासात येत असेल तर पोळ्यांना बाई लाव, पैसे तू दे. याला ताटात पोळीचे तुकडे करून दे आणि स्वतः खाऊ दे, सांडेल, सांडू दे, खाली जुना पेपर अंथर. नाही खाल्लं तर ताट उचलायचं, मागे पळायचं नाही. पहिले तीन-चार दिवस तो आकाशपाताळ एक करेल, म्हणून सुट्टी बघून सुरू कर आणि ते दिवस तू घरी थांब, ती रडारड एकट्या आईच्या गळ्यात टाकू नकोस.