वाचकांचे प्रश्न: कोब्राची नवी बॉडी, नवे इंजिन

प्रश्न: एसी कोब्रा या 1960 च्या दशकातल्या उघड्या स्पोर्ट्स कारच्या घाटाच्या बारा गाड्या आम्ही फायबरग्लासमध्ये बनवतो आहोत. पहिल्या गाडीचे दरवाजे स्टँडवर अचूक बसले. रस्त्यावर उतरल्यावर दाराची फट वर मिटली, खाली उघडली आणि बॉनेटवर मॅटची (काचतंतूंच्या चटईची) वीण उमटली. साचा बिघडला का?

उत्तर: साचा ठीक असावा. छप्पर नसलेल्या गाडीत सगळा वाक एकट्या चासीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) सोसावा लागतो. वजन येताच ती मधे बसते आणि दार वरच्या कडेला दाबले जाते. मूळ गाडीतही 427 या मोठ्या इंजिनाच्या कोब्रासाठी चासीच्या मुख्य नळ्या 3 इंचांवरून 4 इंचांच्या कराव्या लागल्या होत्या. तेव्हा आधी दारापाशी आडवे-तिरके आधार वाढवा. मग इंजिन, गिअरबॉक्स, भरलेली टाकी आणि सीटवर माणसांइतके वजन ठेवून, चारही चाके जमिनीवर असताना फट 4 ते 5 मिलिमीटरवर जुळवा. बॉडी आणि चासीत 3 मिलिमीटरचे रबर घाला, भोके थोडी मोठी ठेवा, रुंद वॉशर वापरा. बोल्ट करकचून आवळला की जेलकोटला (रेझिनच्या सर्वांत बाहेरच्या गुळगुळीत थराला) त्याच जागी चांदणीसारखी चीर जाते.

वीण उमटते ती घाईमुळे. पॉलिएस्टर रेझिन साच्यातून निघाल्यावरही आक्रसत राहते आणि इंजिनाच्या उष्णतेने, गडद रंगाखाली तर फारच लवकर, उरलेले आक्रसणे उरकून घेते. म्हणून ते रंगाआधीच होऊ द्या: बॉडी जिगवर (आकार धरून ठेवणाऱ्या सांगाड्यावर) बांधून 60 अंशांवर आठ-दहा तास तापवा. जिगशिवाय तापवाल तर बॉडी वाकडी होईल. नंतर जाड प्रायमर, त्यावर काळ्या रंगाचा विरळ फवारा आणि लांब ठोकळ्यावर 320 चा पॉलिशपेपर घेऊन घासा. काळे ठिपके जिथे उरतील तिथे खळगा आहे. पुढच्या गाड्यांत जेलकोटमागचा पहिला थर 300 ग्रॅमच्या मॅटचा द्या आणि त्यातली हवा रोलरने पूर्ण काढा. कोब्राच्या पुढच्या मडगार्डची गोलाई अशी आहे की ट्यूबलाइटची रेघ तिच्यावर जराही थरथरली तर लगेच दिसते. तिथे कसूर करू नका.

प्रश्न: नवे फ्युएल इंजेक्शनचे व्ही-8 बसवले. रेडिएटर मोठा आहे, तरी रहदारीत तापमानाचा काटा चढतो.

उत्तर: कोब्राचे नाक खाली, इंजिन वर, हवेचा बुडबुडा इंजिनात अडकतो. एक्स्पान्शन टाकी (कूलंटची जादा टाकी) सर्वांत उंच बसवा आणि हवा निघण्याची नळी तिला जोडा. रेडिएटरच्या कडा फोमने बंद करा, नाहीतर हवा गाभ्यातून न जाता बाजूने निसटते. पंख्याला पूर्ण आच्छादन हवे. पुढच्या चाकांमागची झरोके-जाळी शोभेपुरती बंद ठेवली असेल तर उघडा, गरम हवा तिथूनच बाहेर पडते.

प्रश्न: प्रतिकृती आणि ‘कंटिन्युएशन’ एकच का?

उत्तर: नाही. जग्वारने 1963 मध्ये लाइटवेट ई-टाइप या शर्यतीच्या गाडीला 18 चासी क्रमांक राखले, गाड्या 12 झाल्या; उरलेल्या 6 क्रमांकांच्या गाड्या 2014 मध्ये स्वतःच जाहीर केल्या. मूळ कंपनीनेच अशी पुढे चालवलेली मालिका म्हणजे कंटिन्युएशन. तुमच्या बारा गाड्या प्रतिकृतीच, आणि क्रमांकाच्या पट्टीवर तसे स्पष्ट कोरा.