ए ग्रुप, बी ग्रुप की दोन्ही? खानदेशातून आलेले काही प्रश्न

अकरावीच्या फॉर्मवर विषयांचा एक रकाना असतो. खिडकीपाशी रांग असते, मागचा माणूस घाई करत असतो आणि पाच मिनिटांत तो रकाना भरून होतो. या वेळच्या बहुतेक पत्रांतली गुंतागुंत त्या पाच मिनिटांतली आहे.

प्रश्न : मन्ही पोर हुशार शे, पन गणितले घाबरस. तिला बायोटेक करायचं आहे. आमची केळी आहे, टिश्यू कल्चरची रोपं दरवर्षी आणतो, ती कशी तयार होतात हे तिने एकदा पाहिलं तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच आहे. अकरावीत गणित काढून टाकलं तर चालेल ना? (केळी उत्पादक, ता. रावेर)

भाऊ, कुठल्या बायोटेकबद्दल विचारताय त्यावर ते अवलंबून आहे. नाव एकच असलं तरी दारं वेगळी आहेत.

बीएस्सी बायोटेक्नॉलॉजीला बारावी विज्ञान लागतं. जळगाव-धुळ्याकडच्या महाविद्यालयांत बी ग्रुपच्या, म्हणजे गणित नसलेल्या, मुली सर्रास असतात. बीएस्सी अ‍ॅग्रीलाही भौतिक, रसायन, जीवशास्त्र चालतं. एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा पीसीबी, म्हणजे याच तीन विषयांच्या गटातून द्यायची. आपल्याकडे धुळ्याचं कृषी महाविद्यालय राहुरी विद्यापीठाचंच आहे. बीफार्मला दोन्ही गट चालतात. फक्त बी ग्रुपवाल्यांना पहिल्या सेमिस्टरला ‘रेमेडियल मॅथेमॅटिक्स’ नावाचा पेपर बसतो. गणित सोडून आलात तरी गणित तिथे वाट बघत असतं.

इंजिनिअरिंग कॉलेजातलं बीटेक बायोटेक मात्र वेगळं. तिथे सीईटीचा पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गट किंवा जेईई लागते. आयआयटी दिल्ली, मद्रास, गुवाहाटी इथे जैवतंत्रज्ञानाशी निगडित बीटेक आहे. प्रवेश जेईई अ‍ॅडव्हान्स्डवर होतो आणि त्या परीक्षेत जीवशास्त्राचा एकही प्रश्न नसतो. पालकांना हे सांगितलं की ते माझ्याकडे असे बघतात की जणू मीच तो नियम केला. पुण्याच्या आयसरची, म्हणजे विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेची, प्रवेश परीक्षा घ्या, ६० प्रश्न असतात आणि त्यातले १५ गणिताचे.

मुलीला टिश्यू कल्चरच शिकायचंय म्हणता, तर आमच्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट सांगते. केळीच्या मुनव्याचा (बुंध्याशी फुटलेल्या पिलाचा) कोंब सोलत सोलत आत जायचं, टोकाचा इवलासा पांढरा भाग काढायचा, तो निर्जंतुक करून अगारच्या पोषक माध्यमात लावायचा. त्या माध्यमात बीएपी नावाचं संप्रेरक घातलं की एकाचे अनेक फुटवे होतात. बाटलीत संप्रेरकाचं द्रावण होतं, १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. माध्यम करायचं होतं २ लिटर, दर लिटरला ५ मिलिग्रॅम या हिशेबाने. किती मिलिलिटर घ्यायचं? दहा. त्या दिवशी एका मुलीने एक घेतलं. हुशार मुलगी, बारावीला जीवशास्त्रात वर्गात पहिली. माध्यम नीट गोठलं, वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर नीट चालला, बुरशी कुठे धरली नाही. सगळं स्वच्छ, सुंदर. आणि महिनाभर बरण्यांमधले कोंब जसेच्या तसे बसून राहिले, फुटवा म्हणून नाही. चूक शोधायला आम्हाला आणखी आठवडा लागला, कारण नोंदवहीत तिने ‘योग्य प्रमाणात घातले’ एवढंच लिहिलं होतं. ती चूक जीवशास्त्राची नव्हती, सहावी-सातवीच्या गुणोत्तराची होती.

आणि हरण्या, केळीवरचा विषाणूचा रोग, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो विषाणू मातृवृक्षात आहे की नाही हे पीसीआरवर, म्हणजे जनुकीय रेणूच्या प्रती काढत जाणाऱ्या चाचणीवर, तपासतात. एका फेरीत एकाचे दोन, असं ३० वेळा झालं की एका रेणूचे १०७ कोटींच्या वर होतात. हे ऐकून जिचे डोळे चमकतात तिला गणिताची भीती नाही, गणिताच्या शिक्षकाची आहे. ती वेगळी गोष्ट आणि तिला उपाय आहे.

माझं मत विचाराल तर एबी ग्रुप घ्या, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही. ओझं होईल हे खरं. झेपलंच नाही तर पुढे एक विषय सोडणं सोपं असतं, सुटलेला पुन्हा धरणं फार अवघड.

प्रश्न : आम्ही मूळचे शिंदखेड्याचे, वीस वर्षांपासून सुरतेला, लिंबायतमध्ये. मुलाची दहावी इथेच झाली. त्याला डॉक्टर व्हायचं आहे. बारावीला गावाकडे पाठवलं की महाराष्ट्राच्या कोट्यात बसेल ना? (एक आई, सुरत)

नाही ताई, आणि हे आत्ता कळलं ते बरं झालं. एमबीबीएसच्या महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवासाचा दाखला तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयातून झालेल्या लागतात. बदलीवर असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना सवलत आहे, कापड मार्केटमध्ये काम करणाऱ्याच्या मुलाला नाही. निम्मा खानदेश सुरतेला पोटासाठी गेलाय, पण नियम लिहिणाऱ्याला ते माहीत नसावं.

दहावी तिथे आणि बारावी इथे केली तर मुलगा दोन्ही राज्यांच्या मधोमध लटकेल. म्हणून बारावी सुरतेलाच करू द्या, गुजरातच्या प्रवेश समितीची माहितीपुस्तिका आजच वाचायला घ्या. सरकारी महाविद्यालयांतल्या अखिल भारतीय १५ टक्के जागांसाठी राज्याची अट नसते, त्या त्याला खुल्या आहेतच.

फार्मसी, इंजिनिअरिंगचा नियम मात्र जरा सैल आहे. मुलाची दहावी-बारावी बाहेर झाली, तरी आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असल्याचा दाखला असेल तर तो महाराष्ट्राचा उमेदवार धरला जातो. तो दाखला तुमच्याकडे आहे का, हे आधी बघा. गावचं घर आणि सातबारा म्हणजे अधिवास नव्हे.

क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात मुलं पाठवणाऱ्यांनीही हे वाचावं. क्लास कोट्याला असला तरी बारावीचा प्रवेश महाराष्ट्रातल्या कॉलेजात हवा.

प्रश्न : मी ए ग्रुपने बारावी झालो, ६८ टक्के. इंजिनिअरिंगचं एक वर्ष केलं, मन लागलं नाही. आता ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायची आहे, पण जीवशास्त्र नव्हतं. सगळे म्हणतात, परत अकरावी करावी लागेल. (विद्यार्थी, अमळनेर)

सगळे म्हणजे कोण? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सूचना काढून हे मोकळं केलं आहे. बारावी झाल्यावर जीवशास्त्र जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण केलं तरी नीट देता येते. आपल्या बोर्डात त्यासाठी फॉर्मवर ‘तुरळक विषय’ असा प्रकार असतो. हा शब्द लक्षात ठेवा, कारण कॉलेजच्या कार्यालयात ‘एकच विषय द्यायचाय’ म्हटलं की लोक बुचकळ्यात पडतात आणि ‘तुरळक’ म्हटलं की बरोबर कपाट उघडतं.

लेखी ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचं, म्हणजे घरी पुस्तक वाचून भागत नाही, प्रात्यक्षिकांसाठी कॉलेज गाठावं लागेल. भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटांना ४० टक्के लागतात. जीवशास्त्रात काठावर पास होऊन चालणार नाही, सरासरी खाली येईल. नीटमध्ये १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे आहेत, हेही मनात असू द्या. तुमचं भौतिकशास्त्र पक्कं असेल तर बी ग्रुपवाल्यांपेक्षा तुम्ही एका बाबतीत पुढे आहात. आमच्याकडच्या मुलांची नीट बहुतेक वेळा भौतिकातच अडते.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातली. बारावी विज्ञान, पीसीबीला ४३ टक्के, अनुसूचित जमाती. एक जण म्हणतो की त्याच्या संस्थेत दीड वर्षाचा नर्सिंगचा कोर्स आहे, लगेच नोकरी लागते, मूळ मार्कशीट जमा करायची. घेऊ का?

बेटा, मूळ मार्कशीट कुणाच्याही हातात देऊ नकोस. दिली असशील तर आधी परत घे, मग पुढचं वाच.

दीड वर्षाची नर्सिंग नसते. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. ते झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होते, तेव्हा कुठे नर्स म्हणता येतं. संस्था भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत नसेल तर तिचं प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापुरतंच. जीएनएमला तर कुठल्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी हवं आणि ४० टक्के.

पण तू एवढ्यावर का थांबतेस? बीएस्सी नर्सिंगला पीसीबीला ४५ टक्के लागतात, अनुसूचित जमातीला पाचाची सूट आहे, म्हणजे तुझे ४३ पुरतात. त्यासाठी राज्याच्या सीईटी सेलची नर्सिंगची स्वतंत्र परीक्षा आहे, तिचा फॉर्म चुकवू नकोस. नीटलाही तू पात्र आहेस, गुण किती पडतील हा पुढचा प्रश्न.

खरी अडचण टक्क्यांची नसते, जात वैधतेची असते. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता प्रमाणपत्र वेगळं. जात पडताळणी समितीकडे अर्ज करून ते यायला महिने जातात, आजोबांच्या शाळेचा दाखला शोधत फिरावं लागतं. प्रवेशाच्या यादीत नाव आलं आणि वैधता नाही म्हणून जागा गेली, अशा मुली मी दर वर्षी बघते. तुझ्या धाकट्या भावंडांपैकी कुणी अकरावीत असेल तर त्यांचा अर्ज या महिन्यातच टाका.

प्रश्न : बीएस्सी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) करून गावात लॅब टाकू की एमएस्सी करू? (विद्यार्थी, पाचोरा)

लॅब टाकता येते, पण रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच चालते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. असा डॉक्टर आठवड्यातून किती वेळा पाचोऱ्यात येईल, हे आधी ठरवा, मग गाळा भाड्याने घ्या.

एमएस्सीसाठी आपल्याच कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठात सोय आहे. त्याहून लांब जायचं तर गॅट-बी ही परीक्षा द्या, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचं पाठबळ असलेल्या एमएस्सीला तिच्यातून प्रवेश आणि विद्यावेतन मिळतं. आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा आहे. जॅमच्या बायोटेक पेपरात बारावीच्या पातळीचं गणित येतं. बी ग्रुपवाले असाल तर अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं रद्दीतून परत आणा.

प्रश्न : पुतण्याला एका सल्लागाराने सांगितलं की दोन वर्षं ‘प्री-मेड’ भारतात करायचं, मग उरलेलं परदेशात, खर्च निम्मा. अमेरिकेत असंच असतं म्हणे. (सेवानिवृत्त शिक्षक, धुळे)

गुरुजी, अमेरिकेत प्री-मेड नावाची पदवी नाही. तिथे आधी चार वर्षांची पदवी करतात, विषय कुठलाही, अगदी इतिहाससुद्धा. त्यात वैद्यकीय महाविद्यालयं मागतात ते विषय घ्यायचे. साधारणपणे वर्षभर जीवशास्त्र, वर्षभर सामान्य रसायन, वर्षभर सेंद्रिय रसायन, वर्षभर भौतिक, सगळे प्रयोगशाळेसकट, आणि बहुतेक ठिकाणी जीवरसायनही. मग एमकॅट, ४७२ ते ५२८ गुणांच्या मापात मोजली जाणारी दिवसभराची परीक्षा. हे सगळं झाल्यावर चार वर्षांचं एमडी. भारतीय पासपोर्टवर अर्ज घेणारी महाविद्यालयंही थोडीच. स्वस्त तर ते मुळीच नाही.

सल्लागार ते नाव उसनं घेऊन दुसरंच काही विकतोय. परदेशातून डॉक्टर होऊन इथे व्यवसाय करायचा तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम लागू होतात. किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप, शिकवणं इंग्रजीतून आणि हे सगळं भारताबाहेर, एकाच संस्थेत. ‘दोन वर्षं इथे’ म्हटल्याबरोबर तो मुलगा अपात्र झाला. नीटही द्यावीच लागते. सल्लागाराला हा नियम दाखवा आणि पावती मागा. पावती देत असेल तर मला कळवा, मला ती बघायची आहे.

प्रश्न : नीट मराठीतून देता येते का? (विद्यार्थिनी, चोपडा)

येते. प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असते, अर्थात फरक पडला तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. एमएचटी-सीईटीही मराठीतून आहे, गणित तेवढं इंग्रजीत. जुन्या मराठी नीट-पेपरातली दोन पानं आधी काढून वाच. ‘परासरण’, ‘सूत्री विभाजन’ वाचताना अडखळलीस आणि ऑस्मोसिस, मायटोसिस पटकन कळलं, तर इंग्रजीच भर. अकरावी-बारावी इंग्रजीतून शिकलेल्या मुलींचं बहुतेक तसंच होतं.