माझा धाकटा भाऊ टी.वाय.ला, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाला, नापास झालाय. त्याला 'वेक अप सिड' दाखवावा का, की तो आणखी बिघडेल?

दाखवा. बिघडायचाच असेल तर सिनेमा न बघताही बिघडेल.

मी २००९ साली टी.वाय.बीकॉमला कॉस्टिंगमध्ये उडालो होतो, म्हणून हे लिहायला बसलोय. आमच्या दादाचं मत अगदी तुमच्यासारखं, आजही तेच आहे: हा श्रीमंत बापाच्या पोराच्या लाडांचा सिनेमा. नापास होतो, बापाशी भांडून घर सोडतो, आयेशा नावाच्या मैत्रिणीच्या घरी जाऊन राहतो, यात घेण्यासारखं काय? दादाने तेव्हा सिनेमा पाहिलेलाही नव्हता. २ ऑक्टोबरला लागला, त्यात मुंबईला 'बॉम्बे' म्हटलंय म्हणून मनसेने आक्षेप घेतला, करण जोहरने राज ठाकरेंची माफी मागितली, आणि दादाने तेवढ्यावर निकाल देऊन टाकला. मी केटीच्या, म्हणजे राहिलेल्या विषयाच्या फेरपरीक्षेच्या, अभ्यासातून उठून बघून आलो.

सगळे त्यातल्या पावसाबद्दल, मरीन ड्राइव्हबद्दल, 'इकतारा' गाण्याबद्दल बोलतात. मी अडकलो सिडच्या आईपाशी. सुप्रिया पाठकने केलीय ती. मुलाशी मैत्री व्हावी म्हणून ती त्याच्याशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलायला जाते आणि तो तिला झिडकारतो. अयान मुखर्जीचा हा पहिलाच सिनेमा, पण घरातलं बोलणं त्याने नेमकं पकडलंय.

आमची आई सातवी शिकलेली. निकालाच्या दिवशी मी दोन मित्रांना घेऊन डोंबिवलीला घरी आलो, तर ही पदराला हात पुसत दारातच उभी. "रिझल्ट गुड ना रे?" मित्रांसाठी म्हणून तिने तेवढं इंग्रजी जुळवलं होतं. ते दोघेही पास होते. मी त्यांच्यासमोर तिच्यावर ओरडलो, "येत नाही तर बोलतेस कशाला?" ती काही न बोलता आत गेली आणि तिघांसाठी चहा टाकला.

रात्री झोप येईना म्हणून स्वयंपाकघरात गेलो. तांदळाच्या डब्यामागे पेढ्यांचा पुडा होता. दोरा तसाच बांधलेला, कागदावर तुपाचे डाग पसरलेले. तिने सकाळीच आणून ठेवला असणार, शेजारी वाटायला. दुसऱ्या दिवशी तो तिथे नव्हता. त्याचं काय केलं हे मी विचारलं नाही, तिनेही कधी विषय काढला नाही.

थिएटरमधून आल्यावर मी तिला म्हणालो, "आई, त्या दिवशी चुकलं माझं." ती म्हणाली, "कुठल्या दिवशी?" आणि कुकरची शिट्टी मोजत राहिली.

दादा म्हणतो, अंडं तळायला शिकला म्हणून कुणी मोठा होतो का? हो, होतो. ज्याला आयुष्यभर ताट आयतं मिळालं, तो दुसऱ्याच्या घरात राहून तवा तापवायला शिकतो, पसारा आवरतो, कामाला लागतो, पहिल्या पगाराचा चेक घेऊन बापाकडे जातो. दादा नापास झाला नाही कधी, पण अजून त्याचं ताट वहिनीच उचलते. मग कोण मोठं झालं, त्यानेच सांगावं.

तुमच्या भावाला सिनेमा लावून द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा. शेजारी बसून "बघ, शीक जरा" म्हणालात तर तो कथा सोडून तुमचाच चेहरा बघत बसेल. दादाने माझ्याशी नेमकं तेच केलं होतं, वाचनालयातून आणलेल्या थोरामोठ्यांच्या चरित्रांच्या बाबतीत.

आता एक गोष्ट खरी, ती दादाचीही बरोबर आहे. सिडला मासिकात काम मिळतं कारण आयेशा तिथेच असते. आपल्याकडे अशी ओळख नसते. आणि परीक्षेचं ओझं सिनेमा वाटेत सोडून देतो, आपल्याला सोडता येत नाही. मी ऑक्टोबरला पुन्हा बसलो आणि सुटलो, तेव्हा कुठे नोकरीचे अर्ज भरता आले.

तेव्हा आधी बघा, त्याने केटीचा फॉर्म भरलाय का. आणि निकालाच्या दिवशी तुमच्या आईशी तो काय बोलला, तेही हळूच विचारा, तिलाच.