आकडे जुळत नाहीत, म्हणून विषय सोडावा का?

प्रश्न : माझी मुलगी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑक्सिडीकरणामुळे रक्तपेशींतील डीएनएची किती हानी होते, हे मोजण्याचा प्रकल्प तिने घेतला आहे. तीच सांगते, की या मोजणीचे निरनिराळ्या प्रयोगशाळांतील आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मग अशा विषयात वर्ष घालवून पुढे नोकरी मिळेल का? – एक पालक, बार्शी

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपली शंका रास्त आहे. आकडे जुळत नाहीत हे खरे. परंतु ते का जुळत नाहीत हे आता बऱ्याच अंशी ठाऊक झाले आहे, आणि करिअरच्या दृष्टीने या विषयाचे मोल त्या कारणांतच आहे.

डीएनएच्या चार घटकांपैकी ग्वानीनचे ऑक्सिडीकरण सर्वांत सहज होते. त्यातून जो ८-ऑक्सोग्वानीन हा पदार्थ तयार होतो, तोच या हानीची खूण म्हणून मोजला जातो. निरोगी माणसाच्या पेशीत त्याचे प्रमाण दहा लाख ग्वानीनांमागे जेमतेम चारच्या आसपास किंवा त्याहूनही कमी इतके अल्प असते. आता पेशी फोडून डीएनए वेगळा करताना हवेतील ऑक्सिजन आणि रसायनांत अंशमात्र उरलेले लोह यांच्यामुळे दहा लाखांतील आणखी एका ग्वानीनचे ऑक्सिडीकरण झाले, तरी उत्तर दुप्पट होऊ शकते. म्हणजे जी हानी मोजायची, तीच मोजताना नव्याने घडते. फिनॉल वापरून डीएनए काढण्याची जुनी रीत आणि गॅस क्रोमॅटोग्राफीपूर्वी (मिश्रणातील पदार्थ वेगळे करून मोजण्याच्या एका पद्धतीपूर्वी) नमुना रसायनांसह तापवण्याची पायरी या दोन्हींनी जुन्या शोधनिबंधांतील आकडे भलतेच फुगवले होते. एकाच प्रकारच्या पेशींसाठी छापलेल्या आकड्यांत हजारपटींपर्यंत तफावत होती.

यावर उपाय म्हणून १९९७ मध्ये युरोपातील प्रयोगशाळांनी ‘एस्कॉड’ ही समिती स्थापन केली आणि एकसारखेच नमुने सर्वांना वाटून उत्तरे ताडून पाहिली. मानवी लिम्फोसाइट पेशींसाठी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) क्रोमॅटोग्राफीने दहा लाख ग्वानीनांमागे सुमारे ४.२, तर विकर (एन्झाइम) वापरणाऱ्या पद्धतींनी सुमारे ०.३ असे सरासरी उत्तर आले. हजारपटींची तफावत बारा-चौदा पटींवर आली, पण मिटली नाही. ती प्रामाणिकपणे छापली गेली, हे मला या क्षेत्राचे बलस्थान वाटते. (ऑक्सिडीकरणाची हानी रोखण्याचा दावा करणाऱ्या ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्यांच्या जाहिरातींतील छातीठोक टक्केवारी वाचताना हे आकडे जरूर आठवावेत.)

आपल्या मुलीला माझा सल्ला असा, की प्रकल्पापुरती तिने एफपीजी विकरासह कॉमेट चाचणी निवडावी. तीत पेशी अ‍ॅगरोज या जेलीसारख्या पदार्थाच्या थरात बसवून काचपट्टीवरच फोडल्या जातात, त्यामुळे डीएनए बाहेर काढून शुद्ध करण्याची धोक्याची पायरीच टळते. विकर ऑक्सिडीकृत ग्वानीनच्या जागी धागा तोडते आणि विद्युतप्रवाह दिल्यावर तुटका डीएनए शेपटीसारखा बाहेर ओढला जातो. मात्र प्रत्येक वेळी विकर न घातलेली जोडपट्टी ठेवणे, काम थंडाव्यात आणि मंद प्रकाशात करणे, आणि पट्ट्यांवर सांकेतिक क्रमांक घालून कोणती कोणाची हे न कळता शेपट्या मोजणे, यात हयगय चालत नाही. केवळ तयार एलायझा किटवर (प्रतिपिंडांच्या साहाय्याने पदार्थ मोजणाऱ्या संचावर) विसंबून लघवीचे नमुने मोजण्याचा सोपा मार्ग कोणी सुचवला, तर तो टाळावा. त्यातील प्रतिपिंडे इतर पदार्थांनाही चिकटतात आणि उत्तर वाढीव येते.

आता नोकरीचे. ‘डीएनए हानी मोजणारा पाहिजे’ अशी जाहिरात आपल्याला दिसणार नाही. परंतु प्राण्यांवरील कॉमेट चाचणी २०१४ पासून ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या चाचणीविषयक मार्गदर्शक सूचनांत ४८९ या क्रमांकाने समाविष्ट आहे, आणि औषधे व कीटकनाशके यांची सुरक्षितता तपासणाऱ्या जीएलपी (‘गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस’ हे दर्जाचे नियम पाळणाऱ्या) प्रयोगशाळांना ती काळजीपूर्वक करणारी माणसे लागतात. दुसरी वाट याहून रुंद आहे. ८-ऑक्सोग्वानीनची विश्वासार्ह मोजणी एलसी-एमएस/एमएस यंत्रावर (द्रव क्रोमॅटोग्राफीने पदार्थ वेगळे करून रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखणारे यंत्र), नमुन्यात जड नायट्रोजनयुक्त प्रमाण पदार्थ ठरावीक मात्रेत मिसळून करतात. हेच यंत्र २०१८ मध्ये व्हॅल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात नायट्रोसामाइन ही कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी सापडल्यापासून औषध कंपन्यांत अधिकच महत्त्वाचे झाले, आणि निर्यातीच्या द्राक्षांतील कीटकनाशकांचे अंश शोधण्यासाठी पुण्याजवळच्या मांजरीतील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातही तेच लागते. पदार्थ बदलतो, कोरा (मोजायचा पदार्थ नसलेला) नमुना चालवणे, ज्ञात मात्रांवरून प्रमाणरेषा काढणे, स्वतःच्या उत्तरावर आधी स्वतः संशय घेणे ही सवय तीच राहते. संशोधनाकडे वळायचे असेल तर सीएसआयआर-नेट ही परीक्षा आहेच. त्या परीक्षेची तयारी प्रकल्पासोबतच सुरू करावी.

माझी एकच अट आहे. विषय कायम करण्यापूर्वी मुलीने मार्गदर्शकांना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : एफपीजी विकर विभागात उपलब्ध आहे की मागवायचे आहे, फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक तिला स्वतः हाताळू देणार का, आणि ज्ञात हानी केलेल्या पेशी तुलनेसाठी प्रत्येक फेरीत ठेवणार का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे गुळमुळीत आली, तर तिने विषय नव्हे, प्रयोगशाळा बदलावी. तिसऱ्याचे उत्तर ‘गरज नाही’ असे आले, तर त्याच दिवशी बदलावी.