बीपी घराण्यात आहे, मग डाळ-अंडी सोडू का?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ३४. आजोबांना बीपीचा त्रास होता, बाबांना चाळिशीतच गोळी लागली आणि आता कंपनीच्या चेकअपमधे माझं १४४/९२ आलं. कुठंतरी वाचलं की असा बीपी असला की रक्तवाहिन्यांत प्रोटीन जास्त तयार होतं, तेव्हापासून डाळ, अंडी बंद केलीत. घरचे चिडलेत. बरोबर करतोय ना? (एक वाचक, सातारा)

उत्तर: नाही हो, आजच परत सुरू करा! वाचलंत ते खोटं नाही, पण अर्थ भलताच लावलात. खाल्लेलं प्रोटीन पचून त्याचे सुटे अमिनो ॲसिड होतात, त्यातून काय आणि किती बनवायचं ते पेशी आपापलं ठरवतात, डाळ सोडून धमनीची भिंत पातळ होत नाही.

रक्तवाहिन्यांत प्रोटीन जास्त बनतं हे कळलं उंदरांवरून. १९६३ मधे जपानात क्योटोला ओकामोतो आणि आओकी यांनी बीपी जास्त असलेल्या उंदरांचीच पिढ्यान्‌पिढ्या आपसात पैदास करून अशी जात तयार केली की जादा मीठ न देताही पिल्लू मोठं होताना त्याचा बीपी चढतोच. पुढे त्यांच्या रक्तवाहिन्या तपासल्या तर कोलॅजन, म्हणजे भिंतीतले प्रोटीनचे चिवट धागे, साध्या उंदरांपेक्षा जास्त बनत होतं. शिवाय भिंतीतला स्नायू पण जाड होतो आणि आतली वाट अरुंद होते, आणि हे फार महागात पडतं बरं का, त्रिज्या नुसती १० टक्के कमी झाली तरी रक्ताला अडथळा जवळजवळ दीडपट होतो, मग दाब वाढतो, त्या दाबाने भिंत आणखी जाड होते, असं चक्र सुरूच राहतं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते १९७४ चं काम. बीपी उतरवणारी औषधं दिल्यावर उंदरांच्या रक्तवाहिन्यांत ते कोलॅजन बनणं कमी झालं. जीन्स तेच, तरी भिंतीने ऐकलं! म्हणून "घराण्यातच आहे, काय करणार" असं कोणी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.

एका रीडिंगवर घाबरू नका. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसून घरी मोजा, लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा, किडनीची तपासणी पण करून घ्या कारण प्रोटीन कमी करायचा विषय किडनी बिघडली असेल तरच येतो. कमी करायचंय ते मीठ, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, लोणचं-पापड-फरसाण धरून. आणि सख्ख्या भावंडांचं पण बीपी मोजायला सांगा, त्यांचेही आजोबा तेच.