सतरा वर्षांच्या मुलाला 'बालक' म्हणावे का?

प्रश्न असा आहे: युद्धाच्या बातमीत सतरा वर्षांच्या मुलाचा उल्लेख 'बालसैनिक' असा होता. बालक म्हणजे लहान मूल. मग इथे 'तरुण' किंवा 'अल्पवयीन' म्हटले तर काय बिघडले?

बोलण्यातल्या वापरापुरते तुमचे बरोबर आहे. मिसरूड फुटलेल्या पोराला घरात कोणी बालक म्हणत नाही. पण बालहक्क, बालसैनिक, बालमजुरी या शब्दांतले 'बाल' अंगकाठीवरून ठरत नाही, वयावरून ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार स्वीकारला. त्याच्या पहिल्याच कलमानुसार १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक असते. एखाद्या देशाच्या कायद्याने त्याआधीच सज्ञान ठरवले असेल, तेवढाच अपवाद. मुलगीही यात आलीच.

'बालसैनिक' या शब्दासाठी तर बरीच ओढाताण झाली. मूळ करारात प्रत्यक्ष लढाईसाठी वयाची मर्यादा १५ एवढीच होती. ती अनेकांना खटकली, आणि २००० साली जोडकरार झाला. त्याने १८ वर्षांखालच्यांची सक्तीची भरती बंद केली. बंडखोर सशस्त्र गटांना तर या वयाची मुले भरती करायला किंवा लढाईत वापरायला पूर्ण मनाई केली. सरकारी सैन्यात काही अटींवर स्वेच्छेने भरती होण्याची वाट मात्र उघडी राहिली, आणि ती अजूनही बोचते.

बालसैनिकाच्या हातात बंदूक असलीच पाहिजे असेही नाही. तळावर भात रांधणारी मुलगी, दारूगोळा वाहणारा, निरोप पोचवणारा पोरगा, हे सगळे त्यात मोडतात. त्यांना 'तरुण' म्हटले की ते आपणहून तिथे गेले असा अर्थ नकळत चिकटतो. मानवी तस्करीविरुद्धचा २००० सालचा आंतरराष्ट्रीय करार या बाबतीत फार स्पष्ट आहे: शोषणासाठी नेलेली व्यक्ती १८ वर्षांखालची असेल, तर तिची संमती होती का, फसवणूक झाली का, हे विचारायचेच नाही. एका शब्दाने ही ढाल काढून घेतली जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

'अल्पवयीन' चुकीचा नाही. मतदान, करारमदार, वाहनाचा परवाना अशा संदर्भात तो चपखल बसतो. पण या व्यक्तीला अजून काय करता येत नाही, एवढेच तो सांगतो. तिचे आपण काय देणे लागतो, हे 'बालक' सांगतो.

गुन्ह्याच्या बातमीत आणखी एक काळजी घ्यायला हवी. बालहक्कांच्या करारातल्या ३७व्या कलमानुसार १८ वर्षांखाली केलेल्या गुन्ह्याला फाशी देता येत नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही देता येत नाही. इथे वय धरायचे ते गुन्ह्याच्या दिवशीचे. म्हणून खटला उभा राहीपर्यंत आरोपी विशीचा झाला असला, तरी 'घटनेच्या वेळी बालक असलेला' असे लिहावे.

बालक म्हणजे अजाण, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. १२वे कलम मुलांना त्यांच्याविषयीच्या निर्णयांत मत मांडण्याचा हक्क देते आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यायला सांगते. 'बालक' शब्द फारच जड वाटला तर 'सतरा वर्षांचा मुलगा' लिहा, 'किशोरवयीन मुलगी' लिहा. 'तरुण' तेवढे टाळा.